‘प्लीज म्हणणारा कमजोर दिसतो’ वाल्या इंग्लिशच्या फॉरवर्डला माझं उत्तर

सध्या नाशिकच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, कंपनीच्या. वर लिहिलंय "ऑफिसमध्ये इंग्लिश बोलायला घाबरता? हे पाच नियम पाळा". नियम थोडक्यात असे. प्लीज-सॉरी म्हणणारा कमजोर दिसतो, थेट बोला. ग्रामर विसरा, चुकीचं का होईना फाडफाड बोला. मराठीत विचार करणं बंद करा, घरीसुद्धा. अ‍ॅक्सेंट बदला, नाहीतर फॉरेनचा कस्टमर भाव देत नाही. आणि शेवटी, मराठी मीडियमवाले मागेच पडलेत, पण 30 दिवसांत फ्लुएंट होता येतं.

मी अंबड एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कस्टमर क्वालिटी बघते, म्हणजे माल रिजेक्ट झाला की जर्मनीतून असो नाहीतर चाकणमधून, पहिला फोन आमच्या टेबलावर येतो. दरवर्षी डिप्लोमा नाहीतर बीई केलेली नवीन पोरंपोरी येतात, सिन्नर, दिंडोरी, चांदवडकडची, मशीनवर एकदम पक्की आणि कॉल सुरू झाला की म्यूटवर. हा मेसेज त्यातल्या बऱ्याच जणांनी सेव्ह करून ठेवलाय, एकीने तर प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

"प्लीज-सॉरी नको, थेट बोला."

सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा हाच आहे. आमच्याकडचा एक मुलगा, कामाला वाघ, जर्मन कस्टमरच्या कॉलवर होता. पार्टला क्रॅक आलाय अशी त्यांची तक्रार आणि याला क्रॅकचे फोटो हवे होते. तो म्हणाला, "यू सेंड फोटो टुडे. विदाउट फोटो वी कॅनॉट डू एनीथिंग." पलीकडून फक्त "ओके" आलं आणि संध्याकाळी आमच्या प्लांट हेडना मेल, की तुमची टीम सहकार्य करायला तयार नाही का? तो मुलगा हादरलाच, कारण त्याच्या मनात तसं काहीच नव्हतं. हेच त्याने मराठीत मागितलं असतं तर म्हणाला असता, "जरा आज फोटो पाठवता का, म्हणजे आम्ही लगेच बघायला घेतो." बघा यात प्लीज कुठेच नाहीये, तरी किती अदबीने मागितलंय. आपली अदब ‘पाठवता का’ मध्ये असते, ‘जरा’ मध्ये असते, समोरच्याला तुम्ही म्हणतो की तू त्यात असते. इंग्लिशमध्ये साहेबाला पण यू आणि शिपायाला पण यू, त्यामुळे नुसते शब्द उचलून तिकडे ठेवले की अदब गळून पडते आणि हुकूम तेवढा उरतो. मुलगा उद्धट नव्हता, त्याच्या वाक्यातून त्याचा स्वभाव पोचलाच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसून तेच वाक्य परत बांधलं. "कुड यू सेंड अस टू ऑर थ्री फोटोज ऑफ द क्रॅक टुडे? देन वी कॅन स्टार्ट द अ‍ॅनालिसिस टुनाईट." आता सांगा यात कमजोरी कुठे आहे? काय हवं, किती हवं, कधी हवं आणि दिल्यावर आम्ही काय करू, सगळं आलं. उलट हे पहिल्यापेक्षा जास्त ठाम आहे.

नाही म्हणायचं असेल तेव्हा तर हे अजून लागतं. नुसतं "नो, नॉट पॉसिबल" म्हणून गप्प बसलं की पुढचा माणूस तुमच्या साहेबाला फोन लावतो. "आय अ‍ॅम अफ्रेड वी कॅन्ट शिप द फुल लॉट बाय फ्रायडे, बट वी कॅन शिप हाफ ऑन फ्रायडे अँड द रेस्ट ऑन ट्यूसडे" म्हटलं की नकार पण झाला आणि बोलणं पण पुढे सरकलं. साहेबांचं पटलं नाही तर "सर, यू आर राँग" च्या ऐवजी "सर, आय सी इट अ लिटल डिफरंटली, कॅन आय एक्स्प्लेन?" एवढं पुरतं.

मेसेजवाल्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे ते पण सांगते. प्रत्येक वाक्यात दोनदा सर, "सॉरी टू डिस्टर्ब यू" तीन वेळा, आपली चूक नसताना माफी, हे आपल्याकडे होतं आणि त्याने माणूस खरंच दबलेला वाटतो. माल लेट झाला असेल तर सॉरी एकदा म्हणा आणि लगेच नवीन तारीख द्या. पण यावर उपाय म्हणून प्लीजच काढून टाका म्हणणं म्हणजे मीठ जास्त झालं म्हणून उद्यापासून आळणी जेवा म्हणण्यासारखं आहे.

"ग्रामर विसरा, फाडफाड बोला."

कुठलं ग्रामर ते सांगा ना आधी. ‘अ’ आणि ‘द’ चुकले तर कोणाचं काही अडत नाही, मराठीत ते नाहीतच, चुकणारच, बिनधास्त चुका. पण काळ चुकला तर पैसे जातात. "मटेरियल इज डिस्पॅच" असं वाक्य मी आठवड्यातून कितीदा तरी ऐकते. गेलं? जातंय? जाणार आहे? कस्टमर पलीकडे त्याची प्रॉडक्शन लाईन बंद ठेवायची की चालू ठेवायची ते या एका वाक्यावरून ठरवत असतो. "वी हॅव डिस्पॅच्ड इट", "वी आर लोडिंग इट नाऊ", "वी विल डिस्पॅच इट टुमॉरो", ही तीन वाक्यं झोपेतून उठवलं तरी वेगवेगळी यायला पाहिजेत.

तसेच आकडे. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, आपल्यालाच नाही, इंग्लिश ज्यांची घरची भाषा आहे त्यांना पण गोंधळ होतो, म्हणून "वन फाईव्ह, फिफ्टीन" असं सुटं करून सांगायची पद्धत आहे. पार्ट नंबरमधले बी, डी, पी पण तसेच, बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली म्हणा, कोणी हसत नाही. तारीख 03/04 लिहिली की अमेरिकन माणूस 4 मार्च वाचतो आणि आपण 3 एप्रिल, तेव्हा महिना अक्षरात लिहा. फाडफाड बोलण्याच्या नादात नेमक्या याच गोष्टी सुटतात.

"मराठीत विचार करणं बंद करा, घरी पण इंग्लिशच."

हे वाचून मला रागच आला. आमच्या कामात व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस असतं, प्रॉब्लेम का आला, मग ते का झालं, असं पाच वेळा का का करत मुळाशी जायचं. ते उत्तर कुठे मिळतं? शॉप फ्लोअरवर, ऑपरेटर दादांकडे, आणि ते सांगतात मराठीत, "कूलंट कमी येत होतं ताई, टूल तापलं, म्हणून साईज सुटली." हे ज्याला मराठीत नीट कळलं त्याला इंग्लिशमध्ये तीन छोटी वाक्यं लागतात, आणि ज्याला कळलंच नाही तो कितीही फ्लुएंट असू दे, कॉलवर दहा मिनिटं गोल गोल फिरतो. आत्मविश्वास अर्धा तर इथेच येतो, विषय हातात असला की आवाज आपोआप बसतो.

हां, मराठीची सवय कुठे दगा देते ते माहीत असलं पाहिजे. एक जागा तर पक्की. समोरचा विचारतो, "डिडन्ट यू रिसीव्ह द ड्रॉइंग?" आपल्याकडे ‘ड्रॉइंग मिळालं नाही का’ला ‘हो, नाही मिळालं’ असं उत्तर चालतं, म्हणून आपण "यस" म्हणतो आणि त्याला वाटतं मिळालं. इंग्लिशमध्ये तिथे "नो" लागतं. उपाय साधा, यस-नोच्या भानगडीत न पडता पूर्ण वाक्य बोला, "वी हॅवन्ट रिसीव्ह्ड इट येट." ही चूक पकडता येते ती मराठी येत असल्यामुळेच ना?

आणि घरी आजीशी इंग्लिश बोलून कोणाचं भलं होणार आहे?

"अ‍ॅक्सेंट बदला."

माझा मावसभाऊ पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. सीझनला रॉटरडॅमच्या खरेदीदाराशी त्याचं रोज बोलणं, मण्याची साईज 18 एमएमच्या वर आहे का, गोडी किती ब्रिक्स, प्रीकूलिंगनंतर पल्पचं टेंपरेचर किती, कंटेनर न्हावाशेवाला कधी लागणार. त्याचं इंग्लिश अस्सल निफाडी चालीचं आणि पलीकडच्याचं अस्सल डच चालीचं, इंग्लिश दोघांचीही मातृभाषा नाही, आणि व्यवहार चोख होतो. कारण तो सावकाश बोलतो, एका वाक्यात एकच गोष्ट सांगतो आणि आकड्याआधी थांबतो. नाही कळलं तर सरळ विचारतो, "सॉरी, आय मिस्ड द लास्ट नंबर, कुड यू रिपीट इट?" उच्चार समोरच्याला कळण्याइतका स्पष्ट हवा, एवढंच. उसना अ‍ॅक्सेंट आणायला गेलं की सगळं लक्ष जिभेवर जातं आणि काय सांगायचं होतं तेच विसरतं.

"मराठी मीडियमवाले मागे पडलेत, पण 30 दिवसांत फ्लुएंट."

आधी पहिला भाग. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्लिश आहे. म्हणजे आज कामाला लागणाऱ्या मुलाने दहा-बारा वर्षं इंग्लिश वाचलंय, लिहिलंय, पुढे डिप्लोमाची जाडजूड पुस्तकं इंग्लिशमधून पास केलीत. त्याच्याकडे शब्द आहेत. तोंडाने बोलायची संधी मिळालेली नाही, आणि जेव्हा मिळाली तेव्हा कोणीतरी हसलंय. याला मागे पडणं म्हणत नाहीत.

आणि 30 दिवसांत फ्लुएंट वगैरे कोणी होत नाही, कॉलेज रोडवरच्या क्लासच्या बोर्डांवर काहीही लिहिलेलं असू दे. महिन्याभरात होण्यासारखं एवढंच, की आपल्या कामात रोज लागणारी वीस-पंचवीस वाक्यं तोंडात बसतात. आपलेच पाठवलेले मेल मोठ्याने वाचा. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका, पहिल्यांदा नको वाटतं, ऐका तरी. मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय बोलणं झालं त्याची नोंद, लिहायचं काम मागून घ्या, ते कोणालाच नको असतं, पण त्यामुळे दुसरे कसं विचारतात, कसं टाळतात ते कानावर पडतं आणि काही कळलं नाही तर विचारायचा हक्क पण मिळतो. कॉलवर पहिलं एक वाक्य आपलं ठरलेलं ठेवा आणि ते पहिल्या पाच मिनिटांत बोलून टाका, जितका उशीर कराल तितका घसा सुकतो.

माझ्या बरोबरीच्या सीनियर लोकांना एक विनंती आहे. पोरगं कॉलवर अडखळलं तर मध्येच त्याचं वाक्य पूर्ण करू नका, थांबा, पाच सेकंदांनी काही बिघडत नाही. आणि चूक सांगायचीच असेल तर कॉल संपल्यावर, त्याच्या टेबलाशी जाऊन, मराठीत सांगा.