जिताड्याचं डोकं

अनंत चतुर्दशी २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला शनिवारी आली. दुसऱ्या दिवशी रविवारी ऑस्ट्रेलियातला फादर्स डे आणि सोमवारपासून पितृपक्ष. श्रावण लागल्यापासून माशाच्या वासावर दिवस काढणाऱ्या माझ्यासारख्याला मधला नेमका एक रविवार मिळाला होता आणि त्या रात्रीही खग्रास चंद्रग्रहण. डोंबिवलीहून आईचा फोन, दुपारनंतर तोंडात काही घालू नकोस. म्हटलं, आई, इथे ग्रहण पहाटे अडीचला लागणार. "मग वेध?" मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

तर अशा मुहूर्तावर आम्ही दोन घरं मिळून टूंगाबीच्या नव्या थाई फ्यूजन हॉटेलात गेलो. टूंगाबी म्हणजे सिडनीच्या पश्चिमेचं उपनगर. स्टेशनाबाहेर भारतीय किराणा, नाना भाषांमधून फोनवर बोलत चाललेली माणसं आणि शुक्रवारी संध्याकाळी घराघरातून फोडणीचा वास. हॉटेल तेव्हा दोनच महिन्यांपूर्वी उघडलं होतं. 'थाय' या अक्षरांवर इंग्रजीत कोटी केलेलं नाव. इथे ही जुनी प्रथा आहे, कोटी केल्याशिवाय उपनगरातल्या थाई हॉटेलाला परवाना मिळत नसावा. पाटीवर इंग्रजी मोठं, खाली बारीक थाई लिपी. दारू आपली आपण न्यायची, ते फक्त ग्लास देतात आणि त्याचे पैसे लावतात. रविवार म्हणून बिलावर वर दहा टक्के.

मेनू वाचून आमच्या नागपूरकर मित्राला आधी हसू आलं. मसमन बीफ पाय. पाय म्हणजे मांस भरून भाजलेली पारी, ऑस्ट्रेलियाचा वडापाव, फुटबॉलच्या मॅचला हातात धरून खायचा. मसमन करी म्हणजे वेलदोडा, दालचिनी, लवंग घातलेली थाई करी. नावच 'मुसलमान' या शब्दावरून आलेलं, मुस्लिम व्यापाऱ्यांच्या वाटेने तिकडे रुळलेली. ती ऑस्ट्रेलियन पायच्या पारीत भरून टूंगाबीत नागपूरकरासमोर येते, त्यात आता कुणी कुणाचं काय बिघडवलं हे शोधत बसायचं तर जेवण थंड होईल. पाय चांगला होता, हे नोंदवून ठेवतो. टॉम यम पास्ता मात्र कुणी मागवू नये. आंबट पाण्यात पडलेली स्पॅगेटी.

मी मागवला ग्रीन करीतला बॅरामंडी. हा मासा ऑस्ट्रेलियाचा लाडका, नावही इथल्या आदिवासी भाषेतून आलेलं. पहिल्यांदा सिडनीच्या मासळी बाजारात पाहिला तेव्हा मी त्याच्यासमोर उभाच राहिलो होतो, कारण तो जिताडा होता. मी मूळचा पेणकडचा, खारेपाटातला. आमच्याकडे तळ्यात वाढवलेला जिताडा घरी खायला कमी आणि द्यायला जास्त. जावयाला, व्याह्याला, तलाठ्याकडे काम अडलं असेल तर त्याला. आणि जिताडा खरा डोक्यात. डोक्याच्या आंबट कालवणासाठी आमच्या घरात भावाभावांत बोलाचाली बंद झालेल्या मला आठवतात.

इथे बशीत आला तो पांढराशुभ्र फिले. काटा नाही, कातडं नाही, डोळा तर नाहीच. करीत गवती चहा आणि कुळिंजनाचा वास बरोबर होता, पण मासा असा होता की त्याला काही बोलायचंच नव्हतं. मालकीणबाई टेबलापाशी आल्या तेव्हा मी विचारलं, अख्खा मासा नाही का मिळत?

त्या हसल्या. पहिले तीन आठवडे देत होतो, म्हणाल्या. लोक डोळा बघून बशी परत पाठवायचे. मग डोकं काढलं, तरी काटे आहेत म्हणाले. मग फिले केला.

बाई वीस वर्षांपूर्वी शिकायला म्हणून आल्या. सिडनीच्या थाई टाउनमध्ये, कॅम्पबेल स्ट्रीटवर, हॉटेलांच्या स्वयंपाकघरात भांड्यांपासून सुरुवात केली. हे सांगताना त्यांची नजर आमच्या टेबलावरच्या बाकीच्या बशांवर होती. मी पण पाहिलं. माझी बायको कोथरूडची, शाकाहारी. तिच्या भाजीतून फिश सॉस वगळायला लावला होता. वहिनींनी आपल्या करीत रस्सा जास्त आणि गोड कमी करून मागितला होता. नागपूरकराने तिखट 'इंडियन हॉट' सांगितलं होतं. हा शब्द बाईंनीच ऑर्डर घेताना सुचवला, म्हणजे आमच्याआधी बरेच आपले लोक येऊन गेले असणार. पनीर पॅड थाई मेनूवर काय उगाच येतं?

म्हणजे गोऱ्यांनी डोकं काढायला लावलं आणि आम्ही आत्मा. फिश सॉस काढला की थाई स्वयंपाकात उरतं काय? सुकट-जवळ्याशिवाय कोकण, असं काहीतरी.

मी बशीचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ही माझी चूक. दादाने लगेच लिहिलं, फ्यूजन म्हणजे धड हे नाही धड ते नाही. चुलतभावाने लिहिलं की तिकडे गेलात की तिकडचं निमूट खाता, इकडे मात्र बाहेरून आलेल्यांनी आपल्याला त्यांचं खायला लावायचं. आणि मग जुलैपासून ग्रुपवर फिरत असलेला मीरा रोडचा तो व्हिडिओ पुन्हा आला. मराठी बोलत नाही म्हणून एका खाद्यपदार्थाच्या दुकानदाराच्या कानफटात मारतानाचा. खाली अंगठ्यांची रांग.

दादा डोंबिवलीत राहतो, त्यामुळे त्याच्या रागाला ताजं कारणही होतं. १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्रीची दुकानं बंद ठेवायचा हुकूम काढला होता. स्वातंत्र्यदिनी आम्ही काय खायचं हे पालिका ठरवणार का, असं तो तेव्हा दोन दिवस लिहीत होता आणि मी त्याच्या प्रत्येक ओळीखाली अंगठा दिला होता. त्यानंतर सोळा दिवसांनी, ३१ ऑगस्टच्या रविवारी, सिडनी-मेलबर्नसकट इथल्या शहरांत स्थलांतरितांच्या विरोधात मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारपत्रकात भारतीयांचं नाव घालून उल्लेख होता, फार आले म्हणून. मुलगी त्या दिवशी मैत्रिणींबरोबर सिटीत जाणार होती. नको जाऊस म्हणालो. का, म्हणाली. पाऊस पडेल म्हटलं. तिने फोन काढून हवामान दाखवलं. मग खरं कारण सांगावं लागलं.

तेव्हा मीरा रोडच्या व्हिडिओखाली मला अंगठा देता येत नाही. पण म्हणून मी परदेशात बसून 'काय हे संकुचित' असं म्हणणाऱ्यांतलाही नाही. ते लोक मला तितकेच नकोसे होतात. पाट्यांचंच घ्या. मुंबईच्या दुकानांवर मराठी पाट्या लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलं, दोन महिन्यांची मुदत दिली. मला त्यात गैर काहीच दिसत नाही. टूंगाबीतल्या थाई बाईंनी इंग्रजी मोठी आणि थाई बारीक लिहिली, ते काही इंग्रजीवर प्रेम उतू गेलं म्हणून नव्हे. इथेही एक-दोन कौन्सिलांत पाट्यांवर इंग्रजी हवीच म्हणून वाद होऊन गेलेत. ज्या गावात धंदा करायचा तिथली लिपी पाटीवर घालणं हा अत्याचार असेल तर मग इथे आम्ही सगळेच पीडित.

माझा प्रश्न वेगळा आहे. वाकायला कोण लावतं आणि कशाने?

बाईंना माशाचं डोकं काढायला तीन आठवडे लागले. कुणी व्हिडिओ काढला नाही, कुणी टेबल उलटलं नाही. फक्त बशा परत गेल्या. गिऱ्हाईक इतकं जबरदस्त असतं. आणि डोंबिवलीत आम्ही गिऱ्हाईक म्हणून काय करत होतो? मी सतरा वर्षं तिथे राहिलो. भाजीवाल्याकडे, गॅरेजवाल्याकडे, रिक्षात पहिलं वाक्य हिंदीत माझंच असायचं. "भैया, कैसे दिया?" समोरचा सांगलीचा निघायचा कधी कधी, तोही हिंदीतच उत्तर द्यायचा, आणि दोन मराठी माणसं कोथिंबिरीच्या जुडीवरून मोडक्या हिंदीत घासाघीस करायची. ज्या दुकानदाराला दिवसात पन्नास माणसं मराठीत विचारतील तो महिन्याभरात मराठीत भाव सांगायला लागेल. पण त्यासाठी पन्नास जणांनी रोज विचारायला हवं, त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही.

हीच ताकद उलटीही चालते. डोंबिवलीत आमच्या घराजवळ एक मालवणी खानावळ होती, तिसऱ्या आणि भाकरी मिळायची. दादा तिच्यासाठी हळहळतो. आता तिथे पॅन-एशियन हॉटेल आहे, शुद्ध शाकाहारी, थाई करी पनीरची. बाहेरच्यांनी घालवली, म्हणतो. मी त्याला विचारलं होतं, खानावळीत शेवटचा कधी गेला होतास? त्याने उत्तर दिलं नाही, पण वहिनीने खासगीत कळवलं की पुतण्याचा वाढदिवस त्या नव्या हॉटेलात झाला, ड्रम्स ऑफ हेवन का काय ते कोबीचं होतं.

आता अस्सलपणाचं. थाई लोकांची या बाबतीतली कथा आपल्यापेक्षा गमतीची आहे. पॅड थाई, ज्याला जग थाई जेवण समजतं, तो पदार्थ तिथले पंतप्रधान फिबुन सोंगख्राम यांच्या सरकारने १९४० च्या दशकाच्या आसपास राष्ट्रीय म्हणून पुढे आणला. याच फिबुननी १९३९ मध्ये सयामचं थायलंड केलं. त्यांचं धोरण तिथल्या चिनी लोकांच्या विरोधात होतं. आणि पदार्थ कसला? तांदळाच्या शेवया चिनी, कढईत भरभर परतायची रीत चिनी. पुढे २००२ मध्ये थाई सरकारने 'ग्लोबल थाय' नावाची योजनाच काढली. जगभर थाई हॉटेलं वाढवायची, त्यासाठी कर्ज द्यायचं, आचारी तयार करायचे. आपलं जेवण बाहेर जाऊन थोडं बदलणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. इथे सिडनीत हॅरिस पार्कला, म्हणजे भारतीय हॉटेलांच्या उपनगरात, छोले-भटुऱ्याच्या मेनूत वडापाव चाटच्या यादीत सापडतो, त्यासाठी कुठल्याही मराठी सरकारने काही केलेलं नाही, तो बिचारा स्वतःच्या पायाने आलाय.

अर्थात थाई लोकांनाही राग येतो. डेव्हिड थॉम्पसन हा सिडनीचा आचारी. जुन्या थाई पाकक्रिया खणून काढल्या, लंडनमध्ये 'नाम' काढलं आणि त्याला मिशेलिन स्टार मिळवला. २०१० मध्ये तो तेच घेऊन बँकॉकला गेला, तेव्हा तिथल्या काहींना ते झोंबलं. गोरा माणूस येऊन आम्हाला आमचं जेवण शिकवणार? मला दोन्ही बाजू पटतात. त्याने केलेलं काम खरं होतं, आणि उद्या कुणी मेलबर्नचा माणूस पेणला येऊन मला जिताड्याचं कालवण समजावायला लागला तर मीही त्याला बाहेर काढीन.

पण टूंगाबीच्या बाईंवर हा आरोप कोण करणार? बदल त्यांनी केलाय आणि काय बदललं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. पास्ता कशासाठी ठेवलाय तेही ठाऊक असावं, शाळकरी पोरांची दोन टेबलं तोच खात होती. माझा आक्षेप फ्यूजनला नाही. आक्षेप असलाच तर आमच्या टेबलाला आहे. आठ माणसं, त्यातली सहा खाणारी, आणि अख्खा मासा मागणारा एक.

निघताना बिल द्यायला गेलो, तेव्हा विचारून टाकलं, मग डोक्यांचं काय करता? बाई म्हणाल्या, ती आम्ही खातो. दुकान बंद झाल्यावर स्टाफचं जेवण असतं, चिंचेचं आंबट करतो. आणि मग माझ्याकडे जरा नीट पाहून म्हणाल्या, "पाहिजे?"

पैसे घेतले नाहीत. प्लॅस्टिकच्या डब्यात कच्चं डोकं, वर बर्फ, सोबत मूठभर गवती चहा. गाडीत बायको खिडकी उघडून बसली. "हे उद्या माझ्या फ्रीजमध्ये नकोय," म्हणाली, "पितृपक्ष लागतोय." म्हणजे रात्रीच उरकायला हवं होतं. घरी कोकमं होती, चिंच नव्हती. आलं-लसूण ठेचलं, गवती चहा पण टाकला, आईला कळलं तर हाकलेल. साडेअकराला भाताचा कुकर झाला. मुलगी खाली आली, टोपात वाकून बघितलं आणि म्हणाली, बाबा, याचा डोळा खातात का? म्हटलं, आमच्याकडे त्यावरून भांडणं व्हायची.

तिने एक खाल्ला. दुसरा मला दिला नाही.