केस गळतात, पण खाज आहे का?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक मेसेज उगवतो. यंदाही गुढीपाडव्याच्या शुभेच्छा ओसरायच्या आत हजर. ‘कुत्र्याचे केस गळताहेत? डॉक्टरकडे हजारो रुपये घालवू नका!’ खाली पाच कलमं. केस उष्णतेने गळतात, म्हणून अंग भादरून टाका. मीठ बंद करा आणि रोज कच्चं अंडं द्या. लूत असेल तर गॅरेजमधलं जळकं ऑइल चोळा. रोग घरभर पसरतो, कुत्रा बाहेर बांधा. आणि तपासण्या हा धंदा आहे, एका इंजेक्शनात काम होतं.

एरवी मी असल्या मजकुरावर अंगठा दाखवून पुढे गेले असते. पण गेल्या वर्षी सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत एकाच सुमारास दोन कुत्र्यांचे केस जायला लागले आणि दोघांवरही हाच मेसेज चालवला गेला. एक आमची चिंगी, आठ वर्षांची लॅब्रॅडॉर. दुसरा काळू, पार्किंगमध्ये राहणारा, सगळ्यांचा आणि कुणाचाच नसलेला. काळू रात्रभर खाजवायचा, इतका की वॉचमनकाकांची झोपमोड व्हायची. चिंगी मात्र एकदाही खाजवत नव्हती. या फरकाबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, आणि माझं खरं भांडण तिथेच आहे.

उष्णतेचं कलम अर्धं खरं आहे, म्हणून खपतं. मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात कुत्र्यांचे केस झडतात. सोफ्यावर, वरणात, इस्त्रीच्या कपड्यांवर, सगळीकडे सापडतात. पण ते झडणं अंगभर सारखं असतं, खालची कातडी दिसत नाही. टक्कल पडलं, चट्टा उठला, कातडी काळी किंवा लाल झाली, खपल्या धरल्या, तर त्यात उन्हाचा दोष नाही. भादरल्याने गारवा मिळतो हाही गैरसमज. कुत्रा अंगावरून घाम गाळून थंड होत नाही, धापा टाकून होतो, आणि त्याचे केस उन्हाला आडही येतात. पॉमेरेनियन, हस्की अशा दाट दुहेरी केसांच्या कुत्र्यांना मुळापर्यंत भादरलं तर काहींचे केस कित्येक महिने परत येत नाहीत. म्हणजे केस गळण्यावरचा उपाय म्हणून जे केलं, त्यानेच टक्कल.

मिठाचं कलम आजीच्या काळापासूनचं आहे. आम्हीही दीड महिना चिंगीचं मीठ तोडलं होतं, हे कबूल करते. जेवणातल्या चिमूटभर मिठाने केस गळत नाहीत. भरमसाट मीठ विषारीच, पण ते वेगळं प्रकरण. खरा घोटाळा असा होतो की मीठ नको म्हणून लोक मटण-चिकनच बंद करतात आणि कुत्र्याला दहीभातावर ठेवतात. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. ते ताटातूनच गेलं तर केस कसे टिकणार? अंडं जरूर द्या, पण उकडून. कच्च्या पांढऱ्या बलकातलं अविडिन नावाचं प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून ठेवतं, आणि बायोटिन तर त्वचा आणि केसांसाठीच हवं. अन्नामुळे खाज येऊ शकते, हे खरं. पण ती ‘उष्ण पडल्याने’ नाही, ॲलर्जीने. ती ओळखायला निदान आठ आठवडे अगदी ठरावीक, आधी कधी न दिलेलं अन्न द्यावं लागतं आणि मधे बिस्किटाचा तुकडाही चालत नाही. आमच्या लिफ्टमध्ये दोन मजले चढेपर्यंत चिंगीला तीन बिस्किटं मिळतात, त्यामुळे हे किती अवघड आहे ते मला माहीत आहे.

जळक्या ऑइलबद्दल मात्र मी जरा रागाने लिहिणार आहे. काळूवर ते चोळलं गेलं. चांगल्या भावनेनेच. पुढच्या तासाभरात त्याने अंग चाटून काढलं आणि संध्याकाळपर्यंत तो ओकत होता. इंजिनातून निघालेल्या तेलात हायड्रोकार्बन असतात, धातूंचे कण असतात. ते चाटून पोटात जातं, उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. ‘पण आमच्या गावाकडे बरे व्हायचे’ असं कुणीतरी म्हणतंच. काही बरे झालेही असतील. तेलात किडे गुदमरतात. आणि जे कुत्रे गोठ्यामागे जाऊन मेले, ते कुणी मोजले?

शिवाय कोणती लूत? मराठीत आपण एकच शब्द वापरतो, पण किडे दोन जातींचे. डेमोडेक्स हा सिगारसारखा लांबट किडा केसांच्या मुळाशी राहतो. पिल्लाला तो जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळतो आणि बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर निमूटपणे जगतो. प्रतिकारशक्ती ढासळली की माजतो. सुरुवातीला खाज नसतेच, डोळ्यांभोवती आणि पंजांवर केस विरळ होतात. सार्कोप्टीस मात्र कातडीत बोगदे खणतो. त्याची खाज भयंकर, आणि कानांच्या कडा, कोपर, मागच्या पायांचे सांधे इथून सुरुवात. काळूचं हेच होतं. डॉक्टरबाईंनी त्याच्या कानाची कड बोटांत धरून चोळली, तर मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर किडा सापडला नाही. सार्कोप्टीसमध्ये बऱ्याचदा सापडत नाही, आणि नाही सापडला म्हणजे नाहीच, असं होत नाही. बाईंनी लक्षणांवरून गोळी सुरू केली. हल्ली पिसवा-गोचिडांसाठीच्या फ्लुरालानर, अफोक्सोलानर या गटातल्या गोळ्या लुतीवरही चालतात. महिन्याभरात काळूच्या कानांवर लव आली.

‘बाहेर बांधा’ याचं उत्तरही यातूनच निघतं. सार्कोप्टीस माणसाला काही दिवस चावतो. वॉचमनकाकांच्या हातावर पुरळ आलं होतं, काळू बरा झाल्यावर तेही गेलं. बुरशीचा गजकर्ण घरातल्या पोरांना नक्की लागू शकतो. डेमोडेक्स माणसाला लागत नाही, आणि थायरॉइडच्या बिघाडाने केस गेले असतील तर लागण्याचा प्रश्नच नाही. आणि पिसवा असतील तर कुत्रा बाहेर काढून काय होणार? त्यांची अंडी, अळ्या आणि कोष तुमच्या गालिच्यात आणि सोफ्याच्या फटीत आहेत, कुत्र्यावर दिसतो तो थोडासाच भाग. शेपटीच्या मुळाशी केस गेले असतील तर तिथून काळी कणी विंचरून ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ही तपासणी घरी होते आणि फुकट.

आता ‘एका इंजेक्शनात काम’. ते इंजेक्शन बहुधा स्टिरॉइडचं असतं. खाज एका रात्रीत थांबते आणि सगळे खूश. पण तो डेमोडेक्स असेल तर प्रतिकारशक्ती दबून तो आणखी माजतो. गजकर्ण असेल तर पसरतो. चिंगीलाही एका दवाखान्यात हे टोचलं गेलं, खाज नसताना. तिच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले होते, शेपटी उंदरासारखी दिसत होती, वजन वाढलं होतं. तळजाई टेकडीच्या पहिल्या चढावरच ती बसकण मारायची. आम्ही म्हणायचो, वय झालं.

दोन्ही बाजूंना सारखं टक्कल आणि खाज नाही, म्हटल्यावर डॉक्टरबाईंना हार्मोनचा संशय आला. पण स्टिरॉइडने थायरॉइडचा आकडा खोटाच खाली येतो, म्हणून रक्त तपासायच्या आधी काही आठवडे थांबावं लागलं. ‘पैसे वाचवणाऱ्या’ त्या इंजेक्शनने आमचे पैसे आणि वेळ दोन्ही घेतले. पुढे नुसता टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, नाही, त्याच्या जोडीने थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएचही पाहिलं, कारण दुसऱ्या आजारातही एकटा टी-फोर घसरतो. निदान झालं: हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड कमी पडणं. शेजारचे आजोबा लगेच म्हणाले, ‘माझ्याच गोळ्या द्या की!’ औषध तेच, पण कुत्र्याला किलोमागे माणसाच्या दहापटीहून जास्त डोस लागतो, आणि तो रक्त पाहून ठरतो. चिंगी पंधरा दिवसांत चढ चढायला लागली. केसांना चार महिने लागले.

तपासण्या म्हणजे सगळ्या एकदम असंही नाही. खरवडणं, चिकटपट्टीने त्वचेचा ठसा घेणं, चार केस उपटून टोकं पाहणं, एवढं पहिल्या भेटीतच होतं. टोकं तुटलेली असतील तर कुत्र्याने ती चाटून-चावून तोडली आहेत, म्हणजे आपल्या नकळत खाज आहे. टोकं निमुळती असतील तर केस आपसूक गळलाय. निळ्या दिव्याखाली बुरशी चमकते, पण प्रत्येक वेळी नाही, म्हणून कधी कल्चर लावतात, म्हणजे बुरशी वाढवून पाहतात, आणि त्याला दोन-तीन आठवडे जातात. रक्ताची पाळी यानंतर.

डॉक्टरकडे जाताना पहिल्या चट्ट्याचा फोटो न्या, आधी खाज होती की आधी केस गेले ते आठवून ठेवा, आणि काय काय चोळलं ते न लाजता सांगा. मीठ तोडलं होतं तेही. आणि आदल्या दिवशी आंघोळ घालू नका, सगळा पुरावा धुऊन जातो.