मॉडेल क्रेनची बूम घसरली ती आमच्या चुकीमुळे: तुमच्या एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. रात्रभर तोच डोक्यात होता, म्हणून सकाळी शटर उघडल्याबरोबर लिहायला बसलो.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. बाबा रिटायर झाले, त्यांनी कोराडीच्या वीज केंद्राच्या कामावर कित्येक वर्षं क्रेन चालवली, म्हणून १८,५०० रुपये मोजून आमच्याकडून पाच ॲक्सलच्या मोबाईल क्रेनचं १:५० चं डायकास्ट मॉडेल घेतलं. डबा उघडला तर बूमवर, म्हणजे क्रेनच्या लांब हातावर, गोल गोल डाग. चुंबक चिकटेना, म्हणजे मेटलच्या नावाखाली प्लॅस्टिक दिलं. घरच्या सगळ्यांसमोर बूम पूर्ण लांब काढली तर ती हळूहळू खाली आली आणि गाडी नाकावर आपटली. दुकानात फोन केला तर ‘ते शोपीस आहे, हात लावू नका’ असं उत्तर मिळालं.

यातलं बहुतेक आमच्याच पदरात पडतं. चुंबकाचं तेवढं पटत नाही, ते आधी सांगतो.

डायकास्ट मॉडेल लोखंडाचं नसतं. जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं तांबं-मॅग्नेशियम घालून केलेला मिश्रधातू वितळवून दाबाने साच्यात भरतात. जस्ताला चुंबक चिकटत नाही, ॲल्युमिनियमलाही नाही. म्हणून ती परीक्षा इथे चालत नाही. वजनाची चालते. खरी पाच ॲक्सलची क्रेन रस्त्यावर ॲक्सलमागे १२ टन धरून ६० टनांची असते. १:५० म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही पन्नासाने भागायच्या, म्हणजे वजन सव्वा लाखाने. ६० टनांचे होतात ४८० ग्रॅम, म्हणजे खरी क्रेन नुसती आकसवली तर एवढीच भरेल. तुमचं मॉडेल आमच्या काट्यावर सव्वा किलोच्या वर भरलं होतं. प्लॅस्टिकचं असतं तर एवढं भरलंच नसतं.

पण आरसे, शिडी, केबिनमागचे होज हे प्लॅस्टिकचेच आहेत, आणि आमच्या जाहिरातीत ‘पूर्ण मेटल’ असं छापलं होतं. ते खोटं ठरतं. इतक्या बारीक वस्तू जस्तात ओतल्या तर जाड आणि ओबडधोबड होतात, म्हणून चांगले मॉडेलवालेही तिथे प्लॅस्टिक वापरतात. हे तुम्हाला पैसे देण्याआधी कळायला हवं होतं. ती ओळ आज बदलली.

आता डाग. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. एका ओळीत, एकाच मापाची वर्तुळं. हे कारखान्यातून आलेलं नाही, आमच्या टेबलावर झालेलं आहे. नवीन मुलाने मूळ थर्माकोलच्या आत जास्तीचं संरक्षण म्हणून बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला. पार्सल मे महिन्यात गेलं. नागपूरचा मे, पंचेचाळीसच्या आसपासचं ऊन, आणि बंद टेम्पो. त्या उष्णतेत प्लॅस्टिकचे फुगे रंगाला चिकटतात आणि त्यांचा ठसा राहतो. मुलाचा हेतू चांगला होता, पण त्याला शिकवणं माझं काम होतं. आता आधी पातळ टिश्यू पेपर, मग बाकी सगळं. तुमच्या बूमचे डाग पुसून जाणारे नाहीत. बूमचा बाहेरचा भाग मी बदलून देणार, माझ्या खर्चाने.

आणि बूमचं घसरणं. यात मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण ते तुमच्या बाबांसमोर झालं.

तुम्ही लिहिलंय की ते काही बोलले नाहीत, फक्त ‘जॅक कुठे लावले?’ एवढं विचारलं. सर, काकांनी एका वाक्यात बरोबर जागेवर बोट ठेवलं. हे मॉडेल खऱ्या क्रेनच्याच क्रमाने चालतं. आधी चारही आउटरिगर, म्हणजे बाजूला निघणारे आधाराचे पाय, बाहेर काढून त्यांचे जॅक टेबलाला टेकवायचे. मग मागे काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, चढवायचं. त्यानंतरच बूम उचलायची, आणि उचलल्यावर लांब करायची, आडवी असताना नाही. खऱ्या क्रेनची साठ मीटरची बूम इथे एक मीटर वीस सेंटिमीटर होते. तेवढी लांब धातूची बूम पुढे आडवी काढली आणि मागे काहीच वजन नसलं, तर गाडी कलंडणारच. खऱ्या मशिनवर लिहिलेला २५० टन उचलण्याचा आकडासुद्धा बूम आखूड आणि भार अगदी जवळ, तीन मीटरच्या आसपास असतानाचा असतो. भार जसा लांब जाईल तसा तो आकडा भराभर खाली येतो. काकांना हे मी काय सांगणार!

काउंटरवेटचे तुकडे तुमच्या डब्यातच आहेत. काडेपेटीहून लहान, राखाडी, वेगळ्या पुडीत, थर्माकोलच्या खालच्या थरात. वरचा थर उचलल्याशिवाय ते दिसतच नाहीत. सोबतचा कागद जर्मन आणि इंग्रजीत आहे. त्यावर मराठीत चार ओळी लिहून द्यायचं गेल्या दिवाळीपासून मनात होतं आणि मी ते केलं नाही. तुमची फजिती झाली ती त्या चार ओळी नव्हत्या म्हणून.

बूम हळूहळू खाली येते त्याचं कारण वेगळं. आत तेलाचा दाब नाही, उचलणारा सिलिंडर फक्त घर्षणावर थांबतो. त्याच्या बुडाशी एक बारीक स्क्रू आहे, तो अर्धा आटा आवळला की बूम जिथे ठेवाल तिथे राहते. पाठवण्याआधी हे आम्ही तपासायला हवं होतं.

फोनवर जे सांगितलं गेलं ते मात्र मला अजिबात मान्य नाही. हे हात लावू नये असं शोपीस नाही. हूकच्या वरच्या पुल्यांतून चिमट्याने दोरा ओवायचा, विंच (दोरा गुंडाळणारं रीळ) फिरवून हूक वर घ्यायचा, बूमचा एकेक टप्पा ओढून लॉक करायचा, याच्यासाठीच माणूस एवढे पैसे मोजतो. लिभेर कंपनीची एलटीएम ११२००-९.१ ही नऊ ॲक्सलची, १२०० टन उचलणारी क्रेन आहे, तिची बूम १०० मीटरची. याच मापात ती दोन मीटर होते, आपल्या छताला जवळपास टेकेल एवढी. तसं मॉडेल उभं करायला दोन माणसं लागतात, आणि त्यातच मजा आहे. कामठी रोडवर डबल डेकर पुलाचं काम चाललं होतं तेव्हा मी रात्री दुकान बंद करून तिथे उभा राहायचो. खलाशी, म्हणजे क्रेनवरचे मदतनीस कामगार, जॅकखाली लाकडी स्लीपर सरकवतायत, एकजण हाताने इशारे करतोय, आणि वर केबिनमध्ये ऑपरेटर त्या इशाऱ्यावरून नजर काढत नाही. मी हे दुकान त्या कामाच्या प्रेमापोटी चालवतो. तुमच्या बाबांनी ते काम आयुष्यभर केलं, आणि त्यांच्या मुलाला आमच्या दुकानातून ‘हात लावू नका’ असं सांगितलं गेलं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पैसे परत हवे असतील तर पूर्ण १८,५०० परत, कुरियरचा खर्चही आमचा. तुमचा रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, तो खरा आहे. पण मॉडेल ठेवायचं असेल तर रविवारी सकाळी सीताबर्डीला दुकानात घेऊन या. रविवारी गर्दी नसते. काकांना नक्की आणा. दोरा कसा ओवायचा ते मी दाखवीन, पण हूकला दोऱ्याचे किती पदर घ्यायचे ते त्यांनीच ठरवावं अशी माझी इच्छा आहे.

येताना तो खालचा थर्माकोल टाकून देऊ नका. स्क्रू आवळायची छोटी चावी त्याच्याच कप्प्यात आहे.