मॉन्टेव्हिडिओला एक रात्र तरी द्या!

आज पुन्हा दक्षिण अमेरिकेच्या एका सहलीचं वेळापत्रक व्हॉट्सॅपवर फिरत आलं. रिओला चार रात्री, बुएनोस आइरेसला चार रात्री. आणि उरुग्वेची राजधानी? तळाशी एक ओळ: 'मॉन्टेव्हिडिओ, ऐच्छिक, सकाळी जाऊन रात्री परत. बघण्यासारखं विशेष नाही.' डोकंच फिरलं.

अरे, हिशेब तरी करा. स्वस्तातला रस्ता म्हणजे अर्जेंटिनातल्या बुएनोस आइरेसहून बोटीने नदी ओलांडून उरुग्वेतल्या कोलोनिया गावापर्यंत सव्वा तास आणि तिथून बसने १८० किलोमीटर, म्हणजे अडीच तास. शिवाय बंदरावर आधी पोचायचं ते वेगळंच. एवढं करून गावात उरतात चार तास. तेवढ्यात पालासिओ साल्वो या जुन्या उंच इमारतीसमोर फोटो, बाजारात जेवण, की निघाले परत. मग विशेष दिसणार कसं? हे गाव उजाडतंच संध्याकाळी.

ठाण्याच्या एका काका-काकूंचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. त्यांचीही अशीच धावती फेरी होती, रविवारची. नदीवर आग्नेयेचा जोराचा वारा सुटला (तिकडे त्याला सुदेस्तादा म्हणतात) आणि परतीची बोट रद्द झाली. हॉटेलचं बुकिंग नाही, सामान पलीकडच्या देशात. काकूंच्या डोळ्यांत पाणी.

खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. आयत्या वेळी खोली मिळायला हे गाव सोपं आहे. फक्त रविवारी जुन्या शहरात, म्हणजे सिउदाद व्हिएहात, शोधू नका. तिथे बँका नि कचेऱ्या आहेत, सुट्टीच्या संध्याकाळी गल्ल्या ओस पडतात. '१८ दे हुलियो' या हमरस्त्याच्या आसपास बघा. भाव बघताना चिन्ह नीट पाहा. नुसतं डॉलरचं चिन्ह असेल तर ते उरुग्वेचे पेसो, आणि 'यू' आणि 'एस' ही अक्षरं जोडलेली असली तर अमेरिकी डॉलर. हॉटेलचे दर बहुधा डॉलरमध्ये, हॉटेलच्या पायऱ्या उतरून चहा घ्यायला गेलात की पेसो. परदेशी पाहुण्यांना खोलीच्या भाड्यावर व्हॅट माफ आहे, म्हणून पासपोर्ट आधी पुढे करा आणि बिलात कर धरलाय का ते विचारा. पाटीवर 'आल्ता रोतातिव्हिदाद' लिहिलेलं असेल तर पुढे चला. तिथे खोल्या तासांवर मिळतात!

पैसे देण्याआधी खोली बघा. स्वस्त खोली 'इंतेरिओर' असते, तिची खिडकी इमारतीच्या हवेच्या बोळात उघडते. जुन्या हॉटेलात गीझरची टाकी लहान, तेव्हा दोघांनी लागोपाठ आंघोळ केली तर दुसऱ्याच्या नशिबी गार पाणी. जुलैच्या थंडीत ते हाडांत शिरतं. वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट. मोबाईलच्या चार्जरची बारीक दोन पिन बहुतेक ठिकाणी बसते, आपली जाड तीन पिन बसत नाही.

महाग आहे, बरं का. शेजारच्या देशांपेक्षा चांगलंच महाग. मान्य. पुढे.

काका-काकू शाकाहारी. मांसाच्या त्या देशात उपाशी राहतील असंच कुणालाही वाटेल. पण पिझ्झाच्या दुकानात फाइना मिळते. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, एवढंच, मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजलेलं. वरून पांढरी मिरपूड. कडेचा पातळ, कुरकुरीत तुकडा हवा असेल तर 'ओरिशो' मागा. पास्कुआलिना (मैद्याच्या पारीत भाजी भरून भाजलेली) मात्र विचारूनच घ्या. दिसायला पालकाची, आत बहुतेक वेळा अख्खं अंडं.

आणि आता ज्यासाठी चिडलोय ते. रविवारी संध्याकाळी पालेर्मो आणि बार्रिओ सुर या वस्त्यांत कान्दोंबेची पथकं निघतात. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी जपलेलं हे वादन, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. ढोल तीन जातींचे: चिको, रेपिके, पियानो. पट्ट्याने खांद्याला अडकवलेले, एका हातात काठी, दुसरा हात मोकळा. निघण्याआधी रस्त्यातच पुठ्ठे-लाकडं पेटवून ढोलांची तोंडं जाळाकडे करून ठेवतात, आपल्याकडे हलगी शेकतात तशी. नदीकाठच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, न शेकता वाजवलं तर आवाज बसका येतो. मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघायचं, पुन्हा ठेवायचं. मग पथक हळूहळू चालायला लागतं आणि लोक मागे चालतात. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत.

वारा पडल्यावर काका-काकू त्या मागच्या गर्दीत होते. बोट वेळेवर सुटली असती तर? ही पथकं घुमायला लागतात तेव्हा एका दिवसाची मंडळी बंदरावर रांगेत उभी असतात. कुणी सांगितलेलंच नसतं त्यांना! राग त्याचा येतो.

जाऊ दे. वेळापत्रक करणाऱ्यांनाही सगळीकडे रात्री वाटता येत नाहीत, हे कळतं. निदान तुम्ही शनिवारी जा आणि सोमवारी परत या. रविवारी सकाळी त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावरचा जुना बाजार, दुपारी राम्ब्लावर, म्हणजे नदीकाठच्या २२ किलोमीटरच्या रस्त्यावर, पाय दुखेपर्यंत चालणं, संध्याकाळी ढोल. सोमवारी खोली सोडल्यावर सामान त्रेस क्रुसेसच्या बसस्थानकावर ठेवता येतं. फक्त १ मे टाळा. त्या दिवशी जवळपास सगळं बंद, गावातल्या बससुद्धा. तेव्हा अडकलात तर मला शिव्या देऊ नका.