डिंपल किल्ली आणि पाऊण इंची स्क्रू

दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्ट्या तोंडावर आल्या की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. डिंपल किल्लीचं (चपट्या पात्यावर खळगे असलेली किल्ली) भारी नाइट लॅच बसवा. दार नुसतं ओढलं तरी कुलूप लागतं. चौकटीवरच्या पेटीला तीन इंची स्क्रू मारा. बाहेरून अल्ड्रॉपला (कुलूप अडकवायची आडवी सरकती कडी) मोठं कुलूप घाला, ते बघूनच चोर परत जातो. आणि परवडत असेल तर डिजिटल लॉक घ्या, ते फोडताच येत नाही. हेतू चांगला आहे. सल्ला मात्र निम्मा चुकीचा आणि निम्मा अर्धवट.

"लॅच जेवढं भारी, तेवढं घर सुरक्षित"

पुण्यातल्या घरफोडीच्या बातमीत "बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून" हे शब्द ठरलेले असतात. ते अगदी नेमके आहेत. चोराच्या हातात सहसा बनावट किल्ल्यांचा जुडगा नसतो, कटावणी असते. डिंपल किल्लीमुळे सिलिंडर, म्हणजे किल्ली शिरते तो भाग, बाहेरून खेळवून उघडणं अवघड होतं हे खरं, पण कटावणी सिलिंडरच्या वाटेला जातच नाही.

फ्लॅटचं मुख्य दार बहुधा आत उघडतं. नाइट लॅच दाराच्या आतल्या अंगाला असतं आणि त्याची जीभ चौकटीवर बसवलेल्या छोट्या पेटीत शिरते. बाहेरून दणका बसला की सगळा जोर या पेटीवर येतो. ही पेटी जवळून बघा. बऱ्याच पेट्यांना दोन दिशांनी भोकं असतात: काही समोरून, चौकटीच्या आतल्या तोंडावर, काही कडेने, चौकटीच्या जाडीत भिंतीकडे जाणारी. समोरचे स्क्रू धक्क्याच्या दिशेतच असतात, म्हणून ते सरळ उपसून निघतात. कडेचे स्क्रू धक्क्याला आडवे असतात. ते निघायचे तर लाकूड तरी फाटावं लागतं, नाहीतर स्क्रू तरी तुटावा लागतो. नेमके हेच कडेचे स्क्रू सुतार गाळतो. कारण त्यासाठी पटाशीने चौकट दोन-तीन मि.मी. खोलवून पेटीची कडेची पत्ती सपाट बसवावी लागते. समोरून दोन स्क्रू, तेही डब्यात आलेले पाऊण इंची, की काम झालं!

एक स्क्रू काढून मोजा. आखूड निघाला तर सगळ्या भोकांत ८ नंबरचे ५० मि.मी. स्क्रू घाला. आधी ३ मि.मी. ड्रिलने भोक पाडा, नाहीतर सागवान चिरतं. आट्यांना साबण चोळला की स्क्रू अर्ध्यात अडकत नाही. जुनं भोक सैल झालं असेल तर त्यात आगपेटीच्या काड्या कोंबू नका. लाकडाची खुंटी फेविकॉल लावून ठोका, एक दिवस वाळू द्या आणि मग नव्याने भोक पाडा.

"तीन इंची स्क्रू मारा"

हा सल्ला अमेरिकन व्हिडिओंतून आलाय. तिथे चौकटीच्या मागे भिंतीचाच लाकडी खांब असतो, लांब स्क्रू त्यात घट्ट बसतो. आपली चौकट साधारण चार बाय अडीच इंच. कडेने मारलेला तीन इंची स्क्रू अडीच इंच लाकडात जातो आणि उरलेला अर्धा इंच सिमेंटच्या मसाल्यात. तिथे त्याला पकड कसली? म्हणून लाकडात ५० मि.मी. पुरे.

खरा प्रश्न चौकट भिंतीला किती घट्ट आहे हा. ती होल्डफास्टवर (चौकटीला जोडून भिंतीत पुरलेल्या लोखंडी पट्ट्या) उभी असते, आणि मागचा मसाला पोकळ राहिला असेल तर लॅचजवळ ती हलते. दार लावून पेटीशेजारी चौकटीवर तळव्याने जोरात दाबा. हालचाल जाणवली, किंवा चौकटीच्या कडेने प्लास्टरला उभी भेग असेल, तर पेटीच्या वर एक आणि खाली एक, साधारण सहा इंचांवर, १० मि.मी. जाडीचे नायलॉन फ्रेम फास्टनर (नायलॉनच्या नळीतला लांब स्क्रू) चौकटीतून भिंतीत घाला. विटेच्या भिंतीला १२० मि.मी. लांबी चालते. नव्या टॉवरमध्ये एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे) असतील तर १३५ च्या खाली जाऊ नका, आणि ब्लॉकमध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. लोखंडी फुगणारा फास्टनर तिथे नको. तो ब्लॉकचा भुगा करतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. भोक पाडण्याआधी बेलची वायर कुठून गेलीय ते बघा. बेलचं बटण आणि आतला स्विचबोर्ड बहुतेक घरांत लॅचच्याच बाजूला असतो.

"दार ओढलं की कुलूप लागलं"

नाही. दार ओढल्यावर फक्त स्प्रिंगची तिरकी जीभ पेटीत बसते. स्प्रिंगवरची जीभ दाबली की मागे जाते, मग दाबणारी वस्तू किल्ली असो वा फटीतून सारलेली पातळ पट्टी. दार उघडं ठेवून बाहेरून किल्लीचा फेरा द्या आणि जीभ अंगठ्याने दाबा. हलली नाही तर लॅच पक्कं लागतं. मग निघताना तो फेरा चुकवायचा नाही. फेरा देऊनही जीभ आत जात असेल, तर त्या लॅचवर घर सोडून जाऊ नका. सोबत वेगळा डेड बोल्ट (स्प्रिंग नसलेला, दाबून मागे न जाणारा) हवा, निदान २५ मि.मी. बाहेर येणारा आणि आतून किल्लीशिवाय उघडणारा. आग लागली तर अंधारात किल्ली शोधत बसणार का?

दार आणि चौकटीमधली फटही बघा. पावसाळ्यात दार फुगतं, सुतार रंधा मारून जातो, आणि उन्हाळ्यात तीच फट ३ ची ६-७ मि.मी. होते. तेवढी जीभ पेटीबाहेर राहते. आत उघडणाऱ्या दाराला चौकटीची पताम, म्हणजे दार टेकतं ती खाच, थोडं झाकते. बाहेर उघडणाऱ्या सेफ्टी डोअरला तेही नसतं. तिथे ३ मि.मी. जाडीची, दीड इंच रुंद, फूटभर लांब लोखंडी पट्टी लॅचसमोर फट झाकेल अशी दारालाच लावा. नट आतल्या बाजूला, बाहेर फक्त गोल डोकी. जाळीतून हात घालून लॅच फिरवता येतं का, हेही एकदा करून बघा.

"मोठं कुलूप बघून चोर परत जातो"

बाहेरचं कुलूप सांगतं की घरात कोणी नाही, बस. कुलूप कितीही जड असो, कोयंडा चार आखूड स्क्रूंवर लटकलेला असतो आणि कटावणी त्याच्याच मागे शिरते. अल्ड्रॉप हवाच असेल तर स्क्रू काढून ८ मि.मी. चे कॅरेज बोल्ट (बाहेरून गोल, गुळगुळीत डोक्याचे) आरपार घाला (३५ मि.मी. दाराला ५० मि.मी. लांबी), आत वॉशरऐवजी ३ मि.मी. ची लोखंडी पट्टी आणि तिच्यावर नट. चौकटीवरचा कोयंडाही असाच पक्का हवा, नाहीतर जोर तिथे जातो. शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालून मग एक फ्लॅट फोडायचा, हीही चोरांची जुनी रीत आहे. तेव्हा घरात माणसं असतात त्या दाराची बाहेरची कडी काढूनच टाकलेली बरी.

"डिजिटल लॉक फोडता येत नाही"

बोटाचा ठसा ओळखणारं यंत्र वेगळं, दार धरून ठेवणारा बोल्ट वेगळा. बोल्ट त्याच चौकटीत जातो. शिवाय मॉर्टाइज प्रकारच्या लॉकसाठी दाराच्या जाडीत खोबण कोरावी लागते, ३० मि.मी. च्या फ्लश डोअरमध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम ६-७ मि.मी. लाकूड उरतं आणि दार तिथेच फाटतं. दार ३५ पेक्षा पातळ असेल तर हे लॉक घेऊच नका. बसवलेलं असेल तर दार उघडं ठेवून बोल्ट किती बाहेर येतो ते मोजा, मग दार लावून मोटरचा आवाज ऐका. ती अडखळली किंवा दोनदा घरघरली, तर बोल्ट पूर्ण शिरत नाहीये. चौकटीवरच्या पत्तीचं भोक कानशीने थोडं मोठं करा. त्यासाठी लॉक खोलून काढायची गरज नाही.