‘रंग लावलेलं लाकूड’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. बाबांच्या निवृत्तीसाठी जूनमध्ये २,२०० रुपयांना पडौक या लाल लाकडाचं बॉलपेन घेतलंत. चार महिन्यांत लालभडक लाकूड तपकिरी पडलं, सॅनिटायझरने पुसलं तर रुमालाला लाल डाग लागला, क्लिपपाशी चीर गेली. विचारलंत तेव्हा मी ‘लाकूड आहे, होतं असं’ एवढंच लिहिलं. साध्या लाकडाला रंग लावून विकतात, असं तुमचं म्हणणं.

चीर ही सर्वस्वी माझी चूक. पेनच्या आत पितळी नळी चिकटवलेली असते. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं; पुढे एसीच्या कोरड्या हवेत आकसतं. पितळ काही आकसत नाही, मग लाकूड फाटतं, तेही जिथे सगळ्यात पातळ तिथेच. म्हणून तुकड्याला भोक पाडून तो काही दिवस सुकू द्यायचा आणि मगच नळी बसवायची. निरोप समारंभाची तारीख गाठायच्या घाईत मी ते टाळलं.

रंगाचा आरोप मात्र मान्य नाही. आफ्रिकन पडौक ताजं कापलं की शेंदरी-लाल दिसतं. उजेड आणि हवा लागून ते हळूहळू तपकिरी होतं. खिडकीपाशी ठेवलेलं लवकर होतं. पर्पलहार्ट या लाकडाची तर वेगळीच तऱ्हा: कापल्यावर मळकट, मग जांभळं, आणि वर्षं गेली की तेही तपकिरीच. रुमालावर आला तो लाकडाचा स्वतःचा रंग. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. वरचं पॉलिश लाखेचं होतं आणि लाखही स्पिरिटमध्येच विरघळते. सॅनिटायझरमधल्या स्पिरिटने आधी पॉलिश नेलं, मग रंग. (पडौक लेथवर असलं की मी घरी होळी खेळून आल्यासारखा पोचतो. बनियनचे डाग निघत नाहीत.)

पण हे सगळं पेन देताना सांगायला हवं होतं. डबीत साधी चिठ्ठीसुद्धा नव्हती. तक्रार आल्यावर ‘होतं असं’ म्हणणं हा उद्धटपणा झाला, त्याबद्दल माफी मागतो.

आता पेन घेऊन वागळे इस्टेटच्या गाळ्यावर या. नेरुळहून ठाण्याची थेट लोकल आहे; जमत नसेल तर मी रविवारी नेरुळ स्टेशनवर येऊन पेन घेईन. तुमच्यासमोर तपकिरी थर पटाशीने खरवडतो, आत लालच निघेल. नाही निघालं तर पैसे घ्या आणि अभिप्राय आहे तसाच ठेवा. निघालं तरी पैसे परत हवे असतील तर मिळतील.

पेन ठेवायचं असेल तर क्लिप आणि रिफिलची यंत्रणा तीच ठेवून लाकडी भाग नवीन, फुकट करून देतो. या वेळी लाकूड नीट सुकवून, त्यामुळे दोनेक आठवडे लागतील. पुन्हा पडौक घेतलंत तर तेही तपकिरी होणार. शिसव मुळातच गडद असतं, त्यात बदल फारसा जाणवत नाही. कोणतं हवं ते बाबांना विचारून कळवा.