पोरगा ‘रेकॉर्डवर’ नाही, म्हणून गॅरेजवाला सुटतो?

एक मेसेज चार गटांतून माझ्यापर्यंत आला. मजकूर असा: ‘गॅरेजमधल्या पोराने तुमची गाडी ठोकली आणि तो पोरगा हजेरीपटावर नसेल, तर गॅरेजमालकावर कायद्याने काहीच जबाबदारी येत नाही. गाडी मालकाच्या जोखमीवर, असा बोर्ड असेल तर विषयच संपला. कच्च्या बिलावर ग्राहक आयोगात केस होत नाही, विमाही मिळत नाही. पोरावर पोलीस केस करा, तेवढंच हातात आहे.’ खाली सही ‘एक वकील मित्र’. मित्र असेलही, पण गॅरेजवाल्याचा.

आधी हजेरीपटाचं बघू, कारण सगळी गफलत तिथेच आहे. किल्ली देता तेव्हा व्यवहार तुमचा आणि गॅरेजमालकाचा असतो. भारतीय करार कायदा, १८७२ याला निक्षेप म्हणतो: काम होईपर्यंत वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात, काम झालं की परत. कलम १५१ प्रमाणे ताबा घेणाऱ्याने ती स्वतःची असल्यासारखी, साधारण शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी घेऊन सांभाळायची. आत त्याने कुणाकडून काम करून घ्यायचं, पगार बँकेत भरायचा की आठवड्याला हातावर ठेवायचा, हे त्याचं त्याने बघावं. त्याच्या वहीत कुणाचं नाव आहे, याच्याशी तुमच्या कराराचा संबंध येतोच कुठे?

शिवाय भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे २० माणसांच्या आस्थापनेपासून लागू होतो, राज्य कामगार विमा १० पासून. चौकातल्या गॅरेजात एक मेस्त्री, एक फिटर आणि दोन हेल्पर. तिथे पीएफवर कुणीच नसतो. मेसेज खरा मानला तर असलं एकही गॅरेज कधी कशालाच जबाबदार नाही!

उलट ‘तो आमचा माणूसच नाही, मित्राला भेटायला आला होता’ हे ठरलेलं वाक्य मालकाला आणखी खोलात नेतं. मग ग्राहकाची किल्ली त्याच्या हाती लागली कशी? आपला माणूस असता तर एक वेळ म्हणता आलं असतं की शिकवून, पारखून घेतला होता. परक्याच्या हाती किल्ली जाते म्हणजे कलम १५१ ची काळजी घेतलीच नाही. त्यातून पोराकडे लायसन्स नसेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८० लागू शकतं. विनापरवाना माणसाला गाडी चालवू दिली, तर ते कलम नुसत्या मूळ मालकाला नाही, गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यालाही धरतं.

मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा सीताराम मोतीलाल कलाल प्रकरणाचा निकाल ऐकला असावा. टॅक्सीमालकाने गाडी धंद्यासाठी ड्रायव्हरला दिली. ड्रायव्हरने ती क्लीनरला लायसन्सच्या परीक्षेसाठी दिली आणि अपघात झाला. न्यायालयाने बहुमताने मालकाला जबाबदार धरलं नाही, कारण गाडी मालकाच्या कामासाठी चाललेली नव्हती. पण तिथे भरपाई मागणारा त्रयस्थ माणूस होता. इथे गाडीच तुमची आहे आणि ती धड परत करायचं गॅरेजमालकाने कबूल केलेलं आहे. रात्री पोरगा मित्रांना घेऊन चक्कर मारायला गेला, तर मालक म्हणेल, मी सांगितलं नव्हतं. ठीक आहे, पण शटर पाडल्यावर किल्ली कुठे होती? आणि मालकानेच गाडी स्वतःच्या कामाला पिटाळली असेल, तर करार कायद्याचं कलम १५४ त्याहून कडक आहे. ठरल्याबाहेरच्या वापरात झालेलं नुकसान तिथे निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरून द्यावं लागतं.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. ताबा घेणाऱ्याने हवी ती काळजी घेऊनही नुकसान झालं, तर कलम १५२ त्याला वाचवतं. फक्त ती काळजी घेतली होती हे त्याने दाखवायचं असतं, तुम्ही नाही.

आता बोर्ड. दिल्लीतल्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली एका पाहुण्याने मारुती झेन व्हॅलेकडे, म्हणजे पाहुण्यांच्या गाड्या लावणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे दिली, ती चोरीला गेली. पार्किंगच्या टॅगवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलंच होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील ओळीने झटकता येत नाही. गाडी का परत करता आली नाही, याचा खुलासाही हॉटेलनेच करायचा. निकाल हॉटेलबद्दलचा आहे हे खरं. पण किल्ली घेऊन गाडी ताब्यात ठेवणं गॅरेजात वेगळं नसतं, आणि तिथे तर कामाचे पैसेही घेतात. तेव्हा बोर्ड पाहून परत फिरू नका.

कच्च्या बिलाचं थोडक्यात. तोंडी करारही करारच असतो. यूपीआयची नोंद, ‘गाडी उद्या संध्याकाळी न्या’ हा व्हॉट्सअ‍ॅप निरोप, गाडी सोडतानाचा किलोमीटरच्या आकड्याचा फोटो, हे सगळं पुराव्यात चालतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुदत २ वर्षं. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. सीसीटीव्हीचं चित्रण मात्र काही दिवसांत पुसलं जातं, ते त्याच दिवशी लेखी मागा.

विम्याबाबत मेसेज अर्धा बरोबर आहे. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत (जिच्यात स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरतात) वैध लायसन्स असलेला कुणीही तुमच्या संमतीने गाडी चालवू शकतो. गॅरेजच्या लायसन्सधारक फिटरने ट्रायल मारताना ठोकली, तर दावा बसतो. लायसन्स नसेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळणं अवघड. पण दावा बसत असला तरी घाई करू नका. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे बंपरचे निम्मे पैसे तुमचेच. वर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. ही तूट गॅरेजकडे मागा. ट्रायलमध्ये रस्त्यावरच्या कुणाला लागलं, तर गोष्ट वेगळी. गुरु गोवेकर विरुद्ध फिलोमेना लोबो (१९८८) या खटल्यात गाडी दुरुस्तीला दिलेली असतानाच अपघात झाला होता, आणि जखमीला भरपाई देण्यातून विमा कंपनी सुटली नाही.

राहिली पोरावरची पोलीस केस. रिव्हर्स घेताना गॅरेजातल्याच खांबाला गाडी घासली, यात नुकसान करायचा हेतू नसतो, जाणीवही नसते. त्यामुळे फौजदारी गुन्हा सहसा उभा राहत नाही. महिन्याला जेमतेम कमावणाऱ्या पोराकडून दरवाजाचं डेंटिंग-पेंटिंग वसूल होणार तरी कसं? मेसेजमधला हाच सल्ला मला सगळ्यात जास्त खटकला.

एक अडचण मेसेजमध्ये नाही, पण प्रत्यक्षात येते: ‘आधी बिल भरा, मग गाडी न्या.’ झालेल्या कामाच्या मजुरीसाठी गाडी अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याचं कलम १७० गॅरेजवाल्याला देतं. पोराने केलेलं नुकसान दुरुस्त करायची मजुरी मात्र त्यात घालता येत नाही. गाडी तातडीने हवी असेल तर मूळ कामाचे पैसे भरा, बिलावर ‘डाव्या दरवाजाच्या नुकसानीबाबत तक्रार कायम ठेवून’ असं लिहून सही करा, आणि गाडी गेटबाहेर काढण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो घ्या.